पुण्याच्या बससाठी उभं कुठं राहायचं

मागच्या पावसाळ्यात माझी भाची प्राची बार्शीहून पुण्याला शिकायला आली. आठवडाही झाला नसेल, तिचा फोन.

"मावशी, पाऊण तास उभी आहे. कात्रजची एकपण बस येईना."

"उभी कुठंयस?"

"शनिपारला. सकाळी उतरले ना, त्याच्या बरोबर समोर."

तिथं ती रात्रीपर्यंत उभी राहिली असती तरी कात्रजची बस आली नसती. बाजीराव रस्ता एकेरी आहे. स्वारगेटहून निघालेल्या बस शनिपार, अप्पा बळवंत चौक, शनिवारवाडा अशा त्या रस्त्यानं वर जातात आणि परत येतात त्या शेजारच्या शिवाजी रस्त्यानं, दगडूशेठ, मंडई करत. गावाकडं जिथं उतरलो त्याच्या समोरून परतीची गाडी मिळते. पेठांमध्ये ते विसरायचं. मी तिला म्हटलं, "तुळशीबागेत शीर. पलीकडनं बाहेर पडलीस की शिवाजी रस्ता लागेल. तिथं मंडईच्या थांब्यावर उभी राहा." थोड्या वेळात ती बसमध्ये होती, वाटेत तुळशीबागेत केसाच्या क्लिपा घेऊनसुद्धा.

मी साड्यांना फॉल-पिको करते. लक्ष्मी रस्त्यावरच्या दोन दुकानांतून साड्या उचलायच्या, बालाजीनगरला घरी आणायच्या, तयार झाल्या की पोचवायच्या. आठवड्याला चार खेपा, हातात कायम गठ्ठा. लग्न होऊन १९९७ साली पुण्यात आले तेव्हापासून बसनंच जाते, कारण एका साडीमागं जे सुटतं त्यात रिक्षा बसत नाही. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एक होऊन पीएमपीएमएल झाली, पण आमच्या इमारतीत अजून सगळे 'पीएमटीनं आलो' असंच म्हणतात. प्राचीला दोन-चार गोष्टी सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं, मी सगळं फिरून फिरून एकच सांगतेय. उभं कुठं राहायचं. कोणत्या रस्त्याला, थांब्याच्या कोणत्या टोकाला, बसमध्ये कोणत्या बाजूला. ते जमलं की निम्मी कटकट होतच नाही. उरलेली निम्मी पुण्यातल्या माणसांची, तिला इलाज थोडाच आहे.

तर पहिलं, रस्ता. शिवाजी-बाजीरावसारखीच दुसरी जोडी लक्ष्मी आणि कुमठेकर रस्त्याची. लक्ष्मी रस्ता अलका टॉकीजकडं वाहतो, कुमठेकर तिकडून उलटा येतो. सगळे एकेरी पाठ करत बसू नका. सकाळी उतरताना कंडक्टरला एवढंच विचारून ठेवा, "परतीची कुठं मिळेल हो?" एका वाक्यात सांगतात. संध्याकाळी थांब्यावरच्या माणसांना हेच विचारलंत तर तिघं तीन रस्ते सांगतील आणि मग त्यांचंच आपसात जुंपेल.

दुसरं, पाटी. पाटीवर दोन गावं असतात, त्यातलं तुमचं गाव दिसलं म्हणून चढायचं नाही. मी नवी नवरी असताना पूलगेटला उभी होते. बस आली, पाटीवर 'स्वारगेट' वाचलं आणि चढले. ती स्वारगेटहून येऊन हडपसरला चालली होती. फातिमानगर आलं तेव्हा शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तू उलटी निघालीस की." उतरून रस्ता ओलांडून परत आले, तोवर घरी सासूबाईंनी कुकर स्वतः लावला होता. ते त्यांनी पुढं वर्षभर ऐकवलं.

तेव्हापासून मी कधीही "स्वारगेट का?" असं विचारत नाही. गोंगाटात त्याचं उत्तर नेहमी "हो हो, चला" असंच ऐकू येतं. "कुठं जाणार?" असं विचारायचं. मग समोरच्याला ठिकाणाचं नाव घ्यावंच लागतं. आणि पाटीवरचं 'मार्गे' वाचायला शिका. एकाच गावाला जाणाऱ्या दोन बस दोन वेगळ्या रस्त्यांनी जातात. नंबर पाठ नसेल तर 'मार्गे'नंतरचं नावच तुम्हाला वाचवतं.

आता थांबा. थांबा म्हणजे ते शेड, अशी समजूत असेल तर काढून टाका. शेडसमोर दोन रिक्षा, एक टेम्पो आणि भुट्ट्याची गाडी असली तर बस बिचारी थांबणार कुठं? जिथं जागा मिळेल तिथं. पेठेत ती बहुतेक शेडच्या थोडी अलीकडं नाहीतर बरीच पुढं उभी राहते. आपण धावायचं नाही. रोज येणारी माणसं कुठं उभी आहेत ते बघायचं. डबा घेतलेले, बसच्या दिशेला न बघता उभे असलेले, ते रोजचे. बस आली की ते फक्त एक पाऊल पुढं टाकतात आणि दार त्यांच्यासमोर येतं. मंडईला अशा एक बाई आहेत, बँकेत असाव्यात. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही, पण मी त्यांच्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभी राहते आणि बस कधी चुकत नाही.

संध्याकाळी बसायला जागा हवी असेल तर उलटं चाला. म्हणजे मंडईला न थांबता दगडूशेठपर्यंत मागं जा. पाच-सात मिनिटं पायपीट होते, पण मंडईची गर्दी चढायच्या आधी तुम्ही बसलेले असता. हातात पंधरा साड्या असल्या की ही पायपीट मी आनंदानं करते.

आणि पहिल्याच बसवर तुटून पडू नका. वीस मिनिटं काही येत नाही आणि मग एकामागं एक तीन येतात, यावरून लोक किती चिडतात! त्यामागं साधं कारण आहे. पुढची बस एकदा सिग्नलला अडकून उशिरा आली की थांब्यावर माणसं जास्त साठलेली असतात. त्यांना चढायला-उतरायला वेळ लागतो, म्हणून ती आणखी मागं पडते. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती सुसाट येऊन पुढचीला गाठते. म्हणून वीस मिनिटांनी लोंबकळत येणारी बस सोडायची आणि मान लांब करून मागं बघायचं. मागं दुसरी दिसली तर ती हमखास रिकामी असते. नाही दिसली तर मात्र गुपचूप पहिलीत चढायचं. पाऊस असेल तर न बघताच.

चढताना पर्स पोटाशी, मोबाईल पर्समध्ये, गळ्यातलं पदराखाली. पाकीटमारांची वेळ बसमध्ये बसल्यावरची नसते, दारातल्या त्या दहा सेकंदांची असते. मागून कोणी उगाच जास्त ढकलायला लागलं तर मी सरळ बाजूला होते आणि त्याला पुढं जाऊ देते. "जा बाबा तू आधी."

तिकिटाचं एक बरं झालंय. १ जून २०२५ पासून भाडं दहाच्या पटीत आहे. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३०, असं पुढं. पाच रुपयांच्या नाण्यावरून जी भांडणं व्हायची ती गेली. दहा-वीसच्या चार नोटा वेगळ्या ठेवा, पर्समधल्या पर्समध्ये न शोधता मिळतील अशा. मोबाईलवरून पैसे देता येतात, पण रेंज नेमकी कंडक्टर समोर उभा असताना जाते. मागं चाळीस माणसं "पुढं सरका, पुढं मोकळं आहे" ऐकत ताटकळलेली असताना स्क्रीनवरचं ते गोल फिरणारं चक्र बघत बसायची माझी तयारी नाही. दिवसाचा पास पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत ७० रुपयांना आहे, महिन्याचा १५००. हिशेब तुमचा तुम्ही करा. वीस रुपयांची चार तिकिटं काढणार असाल तर पास स्वस्त. माझ्या खेपेच्या दिवशी दोन दुकानं, एक दोऱ्याचं दुकान आणि कधी मशिनवाला अशा फेऱ्या होतात, तेव्हा मी चढल्या चढल्या पासच घेते.

प्राचीनं पहिल्या दिवशी कंडक्टरला ऐटीत सांगितलं होतं, "एक हाफ द्या." एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेच तिच्या डोक्यात. कंडक्टरनं तिला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं वय बारा वाटत नाही." सगळी बस हसली. गावाकडून येणाऱ्या बायकांना मी आता आधीच सांगते, ती सवलत लाल गाडीची, शहरातल्या बसला ती नाही. स्वारगेटला दोन्ही स्टँड शेजारी-शेजारी आहेत म्हणून हा घोळ होतो.

बसच्या आत कुठं उभं राहायचं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डावीकडची आसनं बायकांसाठी राखीव असतात. आमच्या सातारा रस्त्याला डावी बाजू आणखी एका कारणानं चांगली. सकाळी कात्रजहून स्वारगेटकडं म्हणजे उत्तरेला जाताना ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी दक्षिणेला परत निघालं की सूर्य मावळतीला, म्हणजे पुन्हा उजवीकडंच. डावीकडं बसणारीला जाता-येता सावली. एप्रिलमध्ये हे कळतं. तिथं एखादा बाप्या बसला असेल तर "जरा लेडीज सीट" एवढे तीन शब्द पुरतात, भाषण नको. तो खिडकीबाहेर बघत झोपेचं सोंग घेत असेल तर कंडक्टरला सांगा, त्याच्याशी वाद घालू नका.

मागच्या चाकावरच्या सीटवर बसायचं नाही, गुडघे हनुवटीला लागतात. शेवटच्या लांब बाकावर तर मुळीच नाही. एका गतिरोधकाला पाठीचा कणा टाळूला भेटून येतो. आणि खिडकीशी बसण्याआधी पुढच्या खिडकीत कोण आहे ते बघा. गाल फुगलेला असेल आणि तो बोलत नसेल तर दुसरी जागा शोधा. मला हे एका पांढऱ्या ब्लाउजनं शिकवलं.

उभं राहायचं असेल तर दारात नाही. आणि तुमचा थांबा कुठल्या बाजूला येणार ते आधी डोक्यात पक्कं करा. पेठांमध्ये थांबे डावीकडं, उतरायचं डाव्या दारानं. सातारा रस्त्यावर मात्र बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका आहे. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर ती सुरू झाली आणि थांबे रस्त्याच्या मधोमध आले, दार उजवीकडं उघडायला लागलं. नवीन माणूस पद्मावतीला उतरायला पुढच्या डाव्या दाराशी जाऊन ताठ उभा राहतो, आणि मग दार उघडतं त्याच्या पाठीमागं, मधे पंचवीस माणसं. त्याचं "अहो थांबा, थांबा, उतरायचंय!" बालाजीनगरपर्यंत ऐकू येतं. मी पंचमी हॉटेलच्या थांब्यापासूनच सरकायला सुरुवात करते. धक्का द्यायचा नाही, समोरच्याला विचारायचं, "पुढं उतरताय?" हो म्हणाला तर त्याच्या मागं राहायचं. नाही म्हणाला तर तो आपोआप अंग चोरतो आणि तुम्ही त्याच्या जागी जाता. चार माणसांना विचारलंत की दार आलं. मधल्या थांब्यावर उतरल्यावर घाईनं रस्त्यात पाय टाकू नका, सिग्नलला थांबा. बसच्या मोकळ्या मार्गिकेतून दुचाकीवाले कुठून उगवतील सांगता येत नाही.

आता छत्री. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

जुलै महिना, संध्याकाळचे साडेसहा, काचा बंद, सगळ्यांच्या अंगाला ओल्या रेनकोटचा वास. मी पिशवी दोन्ही पायांच्या मधे उभी धरलेली. वरची चेन पुरती लागत नव्हती, चार बोटं फट होती, कारण मी एक साडी जास्त कोंबली होती. माझ्या शेजारच्या काकांनी मिटलेली छत्री मनगटाला अडकवून तोच हात वर दांडीला धरला होता. छत्रीचं टोक बरोब्बर त्या फटीच्या वर. थेंब, थेंब, थेंब. मला कळलंच नाही, मी खिडकीतून बघत होते. घरी येऊन उघडली तर वरच्याच पैठणीवर, पदराच्या मोरापाशी, हातभर ओल. रेशमावर पाणी वाळलं की कडेनं डागाची रेघ उठते. मी रात्री ती दोन टर्किश टॉवेलांच्या मधे दाबून, पंख्याखाली धरून वाळवली. रेघ अंधूक राहिलीच. दुकानदार काही बोलला नाही, फक्त त्या दिवशीच्या हिशेबातून पैसे कापून घेतले. काकांचं तरी काय चुकलं? त्यांनी छत्री नीट मिटली होती.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर साड्या आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात, तोंडाला पीळ आणि गाठ, मग कापडी पिशवीत. तांदळाच्या पोत्याच्या आत येते ती जाड पिशवी सगळ्यात चांगली, किराणावाल्याकडं मागितली की मिळते. तुमच्याकडं साड्या नसतील, लॅपटॉप असेल, वह्या असतील, डबा असेल. पाणी सारखंच पडतं. आणि छत्री तुमची असेल तर मिटल्यावर टोक खाली करून पायाशी धरा. दोन थांब्यांनी तिच्याखाली तळं होईल, होऊ द्या.

पाठीवरची सॅक पोटावर घ्या. हे मी कॉलेजच्या पोरांना रोज सांगते. भारती विद्यापीठाची पोरं ऐकतातही. त्यांना कळत नाही की ती वळली की सॅक मागच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर फिरते. मोबाईलवर मोठ्यानं सिरियल बघणाऱ्याला मात्र सांगून उपयोग नसतो. मी त्याच्याकडं झुकून मन लावून बघायला लागते आणि विचारते, "ही त्याची पहिली बायको का?" दोन मिनिटांत फोन खिशात जातो.

आणि भांडण. ते होणारच. एकदा एक गृहस्थ मला म्हणाले, "एवढं गाठोडं घेऊन रिक्षानं जावं माणसानं." मी म्हटलं, "जाते की. मीटर तुम्ही देताय ना?" यावर ते गप्प बसले आणि पद्मावतीला उतरताना त्यांनीच पिशवी उचलून बाजूला सरकवली. उत्तर एकच द्यायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. दुसरं उत्तर दिलंत की पूर्ण बस पंच होते.

घाईच्या वेळेला माझा आता दुसरा रस्ता आहे. स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. मंडई ते स्वारगेट एकच स्टेशन, १० रुपये. संध्याकाळी सहा ते आठ शिवाजी रस्ता तुंबलेला असतो तेव्हा मी मंडईला जमिनीखाली उतरते. जिने बरेच आहेत, सरकत्या जिन्यावर गठ्ठा पुढच्या पायरीवर ठेवायचा. स्वारगेटला वर आलं की कात्रजकडं जाणारी बस तिथूनच सुटणारी निवडायची, लांबून भरून येणारी नाही. सुटणाऱ्या बसमध्ये बसायला मिळतं. दुपारी मात्र हा खटाटोप करू नका, चढउतारातच तेवढा वेळ जातो आणि बस रिकामीच असते.

आणखी दोन दिवस लक्षात ठेवा. प्रत्येक महिन्याच्या ८ तारखेला बायकांसाठीच्या 'तेजस्विनी' बसमध्ये तिकीट नसतं. दुसरा पालख्यांचा. त्या येतात आणि पेठांत दोन रात्री मुक्काम करतात, तेव्हा बस कुठून वळवतील त्याचा नेम नाही. हडपसरच्या दिशेला कामच काढू नका. गर्दीत अडकलात तर वारकऱ्यांबरोबर चाला, चहा कोणी ना कोणी देतंच.

गणपतीत पेठेतले रस्ते संध्याकाळी गाड्यांना बंद होतात. नेमकी तेव्हाच सगळ्या बायकांना साडी गौरीच्या आत तयार हवी असते. त्या दिवसांत मी सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आधी लक्ष्मी रस्त्याला पोचते, पायरीवर बसते आणि दहाच्या आत परतीच्या बसमध्ये असते. मागच्या गणपतीत प्राचीला बरोबर नेलं होतं. येताना ती मंडईला आपणहून त्या बँकेतल्या बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.